मोठं बाईचं, लहान सरकारचं

तळेगाव (श्यामजी पंत)
९ जून २०२४

मंदा,

वडील भावानं पत्राच्या सुरुवातीला आशीर्वाद लिहायचा असतो, म्हणून लिहिला असं समज. चौदा वर्षांनी तुला पत्र टाकतोय, त्यावरून काम किती अडलं असेल ते ओळख. फोन केला नाही, कारण माझे दोन्ही कान गेले आहेत. नीरजच्या मोबाईलवर लिहावं तर आधी सूनबाई वाचते, मग नीरज वाचतो, आणि उरलंसुरलं माझ्यापर्यंत येतं. म्हणून पोस्ट.

गावात दूध संकलन केंद्राची नवी इमारत झाली. तिला आपल्या बाबांचं नाव द्यायचं समितीनं ठरवलं आहे. पंधरा ऑगस्टला पाटी लागेल. बाबांना जाऊन अठ्ठावीस वर्षं होतील, तरी 'बंडूजीचं माप' म्हटलं की पुढे बोलायचं काम नाही, असं म्हातारी माणसं अजून म्हणतात. ते माप काचेच्या पेटीत घालून दारातच ठेवायचं आहे.

मोठं माप माझ्याकडे आहे. आर्वीच्या कॉलेजातले एक प्राध्यापक ते पाहून गेले. तळाला गरुडाचा ठसा आहे, तो त्यांनी भिंगातून पाहिला. म्हणाले, अमेरिकेत पावणेदोनशे वर्षांपूर्वी घडवलेलं आहे, धातूचं नाव प्यूटर, म्हणजे बहुतेक कथीलच. आपण जन्मभर ती कल्हई केलेली पितळेची समजत आलो. अमेरिकन डॉक्टरीणबाईनं दवाखाना बंद करून परत जाताना आपल्या कंपाउंडरला, म्हणजे बाबांना, औषध मोजायची ही दोन मापं दिली, आणि त्याच मापांनी बाबांनी पुढे गावाला दूध मोजलं, हे मी त्यांना सांगितलं. त्यांनी विचारलं, दुसरं कुठे आहे?

दुसरं, लहान, तुझ्याकडे आहे. पेटीत जोडी असली तर शोभा येईल. रजिस्टर पार्सलनं पाठव, पोस्टाचा खर्च मी देईन.

नीरजच्या लग्नात तू चार माणसांत जे बोललीस ते मी विसरलेलो नाही. पण हे काम बाबांचं आहे.

मनोहर


बोरगाव मेघे, वर्धा
१७ जून २०२४

श्री. मनोहररावजी,

'दादा' लिहायला घेतलं होतं, हात वळला नाही.

पाकिटावर तुमचं अक्षर पाहून वाटलं, घरात कुणी गेलं की काय. रोशनीला, म्हणजे माझ्या सुनेला, म्हटलं, आधी तूच वाच. ती वाचून म्हणाली, "आई, कोणी नाई गेलं. मामाजीले भांडं पायजे." या चौदा वर्षांत मुलाचं लग्न झालं, माझी दोन ऑपरेशनं झाली, हे रिटायर झाले, आम्हाला नात झाली. कशालाही तुमचा कागद आला नाही. भांड्याला आला.

बाबांच्या वावराच्या हक्कसोडपत्रावर सही करायला आपण आष्टीला गेलो, तेव्हा जाताना तुम्ही मला गाडीत पुढे बसवलं होतं. सही झाली आणि येताना मी मागे, खताच्या पोत्यांजवळ. गरज सरो, वैद्य मरो. तेही मी गिळलं. पण दोन हजार दहापासून भाऊबीजेला या दारात तुमची चप्पल दिसली नाही, ते मला गिळता आलं नाही. ताट तर करावंच लागतं. ज्यांना भाऊ नसतो त्या चंद्राला ओवाळतात. भाऊ धडधाकट असताना चंद्राला ओवाळणारी वर्धा जिल्ह्यात मी एकटीच असेन.

नीरजच्या लग्नात मी काय बोलले? आठवून आठवून दमले. चार माणसांत मी चारशे गोष्टी बोलते, त्यातली कोणती लागली तेवढं तरी कळवायचं होतं.

लहान माप मिळणार नाही. ते माझ्या काचेच्या कपाटात वरच्या खणात नीट आहे. बाबांच्या तेरवीनंतर तुम्ही स्वतः, कुणी न मागता, ते माझ्या हातात ठेवलं होतं. "घे मंदे, हे तुले." तुमच्या हातून मला मनानं मिळालेली तेवढी एकच वस्तू आहे. ती समितीच्या शोभेसाठी मी सांभाळलेली नाही.

पोस्टाचा खर्च तुमच्याकडेच ठेवा.

मंदा


तळेगाव
२४ जून २०२४

मंदा,

तुझ्या जिभेला हाड नाही हे मला नव्यानं कळायचं नव्हतं. हक्कसोडपत्रावर तुझी सही होती, अंगठा नव्हता. तू मॅट्रिक झालेली, कागद वाचून सही केलीस. आता खताची पोती उगाळू नको.

रविवारी मी नीरजला तुझ्याकडे धाडलं. तू त्याला चहा दिलास, पोहे दिलेस आणि वरून माझी निंदा वाढलीस. कपाट मात्र उघडलं नाहीस. तो सांगतो, वरच्या खणाला आतून पडदा लावलेला आहे. काचेचं कपाट माणूस दाखवण्यासाठी घेतो. त्याला पडदा कशाला?

मला सरळ उत्तर दे. विकलंस का? जुन्या वस्तू घेणारे नागपूरहून गाड्या घेऊन फिरतात, मला माहीत आहे. तसं असेल तर मी समितीत उभा राहून सांगीन, की बंडूजीच्या मुलीनं बापाचं माप मोडीत काढलं. गावात तुझं माहेर आहे हे विसरू नको. आणि विकलं नसेल तर देण्यात तुझं काय जातं? दिलं मी होतं, तर परत मागायचाही हक्क मलाच आहे.

पेरणीचे दिवस आहेत, मृग कोरडा गेला, त्यात हे लिहीत बसावं लागतंय. आठ दिवसांत पार्सल आलं पाहिजे.

मनोहर


बोरगाव मेघे
२ जुलै २०२४

श्री. मनोहरराव यांस,

चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या आज वाचायला मिळाल्या.

काल मी डोळे दाखवायला दवाखान्यात गेले होते. रांगेत तुमच्या शेजारच्या सुलोचनाबाई भेटल्या. त्यांना वाटलं मला सगळं माहीत आहे. त्या म्हणाल्या, "मंदे, लय वाईट झालं व. तुया बाबाचं माप कमी भरलं. शाळेच्या मास्तरनं काचेच्या नळीनं मोजलं, लिटरले चोपन्न मिली कमी. श्रावण सेक्रेटरी तं सगळ्याइच्या पुढं म्हणे, बंडूजीनं जिंदगीभर मापात पाप केलं."

शोभा! तुम्हाला जोडी शोभेसाठी पाहिजे होती, नाही का? बाबांना गावासमोर चोर म्हटलं गेलं, आणि ही गोष्ट तुम्ही दोन पत्रांत माझ्यापासून लपवलीत. ते वाक्य निघालं तेव्हा तुम्ही तिथेच बसला होता म्हणे. सुलोचनाबाई म्हणतात, तुम्ही कानाशी हात नेला, ऐकू न आल्यासारखं केलं आणि पायात चपला घालून निघालात. तुमचं बहिरेपण फार सोयीचं आहे.

दवाखान्यातून येताना ऑटोत मला बाबांचा हात दिसायला लागला. पहाटे बायका भांडी घेऊन ओट्यापाशी उभ्या राहायच्या. बाबा मोठं माप काठोकाठ भरून भांड्यात ओतायचे. मग लहान बुडवायचे आणि तेही ओतायचे. दर वेळी म्हणायचे, "मोठं बाईचं, लहान सरकारचं." आपण हसायचो. गाव म्हणायचं, बंडूजी दिलदार, वरून घालतो.

तुम्हाला अजून उमगलं नसेल तर सांगते. मोठं माप डॉक्टरीणबाईच्या देशातलं. शेर चालत होते तोवर ते शेराला पुरून थोडं उरायचं. मग सरकारनं लिटर आणलं, आणि लिटर निघालं शेरापेक्षा मोठं. बाबा कंपाउंडर होते, औषधाचे थेंब मोजलेला माणूस. मोठं किती उणं पडतं ते त्यांनी पाहिलं, आणि तेवढं भरून काढायला लहान वर ओतायला लागले. दोन्ही मिळून सरकारचं लिटर. ते दिलदार नव्हते दादा, ते चोख होते. तुमच्या मास्तरनं अर्धीच गोष्ट मोजली.

'दादा' चुकून लिहिलं गेलं.

हे पत्र समितीला वाचून दाखवा. आणि माप पाहिजे असेल तर नीरजला धाडू नका. स्वतः या. माझ्या दारात, ह्यांच्या आणि रोशनीच्या देखत म्हणा, मंदा, माझं चुकलं. मग पाहू.

मंदा


तळेगाव
८ जुलै २०२४

मंदा,

पत्र मी समितीला दाखवलं नाही. श्रावण म्हणाला असता, घरच्यांनी रचलेली गोष्ट आहे. लहान माप टेबलावर ठेवून, सगळ्यांच्या डोळ्यांसमोर पाणी ओतून दाखवलं तरच तोंडं बंद होतील.

एकवीस तारखेला बैठक आहे. बाबांचं नाव काढायचा ठराव येणार आहे, आणि त्यात कारण लिहिणार आहेत. लोक बोलतात ते वाऱ्यावर जातं. लिहिलेलं राहतं. उद्या नीरजची पोरं तो कागद वाचतील.

मी गप्प का बसलो ते मला विचारू नको. तुला वाटतं तितकं सोपं नाही.

शुक्रवारी बारा तारखेला सकाळच्या गाडीनं येतो. तुझ्या दारात जे म्हणायचं ते म्हणतो. चहा ठेवू नको, मी पिणार नाही. माप कापडात गुंडाळून तयार ठेव.

मनोहर


बोरगाव मेघे
१३ जुलै २०२४

दादा,

आज जाणून लिहिलं. कारण पुढचं 'श्री. मनोहरराव' यांना लिहिता येणार नाही.

काल तुम्ही आलात. दारातच उभे राहिलात, छत्री मिटलीत, आणि पाठ करून आणल्यासारखं म्हणालात, "मंदा, मायं चुकलं." ह्यांनी मान खाली घातली. रोशनी आत पळाली. आणि मी कपाटाची किल्ली सापडत नाही म्हणून तुम्हाला तसंच परत पाठवलं. तुम्ही माझ्याकडे असं पाहिलंत की तिथेच धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं. पण मला वाटलं होतं तुम्ही येणारच नाही. तुमचा ताठा मला माहीत आहे, त्याच भरवशावर मी ती अट घातली होती.

किल्ली कमरेलाच होती. माप नाही. तेरा वर्षं झाली, ते नाही.

दोन हजार दहाच्या भाऊबीजेला तुम्ही आला नाहीत, तेव्हा वाटलं, लग्नाच्या खर्चानं दमले असतील. पुढच्या वर्षी नक्की याल म्हणून मी दिवाळीच्या आधीपासूनच घर घासत होते. गल्लीत कल्हईवाला आला. त्यानं रस्त्याच्या कडेला भट्टी मांडली, भाता लावला. रोशनी नवीच आली होती, तिनं घरातली पितळेची गंज-पातेली काढून दिली. माझ्या मनात आलं, लहान माप किती काळं पडलंय. आतलीबाहेरची कल्हई घासून घासून गेली असणार. चकचकीत करून ठेवू, दादा आले की त्यातच गोड दूध देऊ. त्यानं विचारलं, "बाई, हे पितळच आहे ना?" मी म्हटलं, "बापाचं आहे, पितळच असेल."

त्यानं ते चिमट्यात धरून निखाऱ्यावर ठेवलं आणि नवसागराची पुडी घ्यायला मान वळवली. आधी धरायचा कान वाकला. मग सगळंच लोण्यासारखं खाली बसलं आणि निखाऱ्यांत वाहून गेलं. ओरडायलाही वेळ मिळाला नाही. त्यानं राख उकरून एक चपटा गोळा बाहेर काढला, पेढ्यापेक्षा जरा मोठा. बिचाऱ्यानं कानाला हात लावले, बाकीच्या भांड्यांचेही पैसे घेतले नाहीत. तुम्ही त्याही भाऊबीजेला आला नाहीत. मग मी खणाला पडदा लावला.

तो गोळा या पार्सलमध्ये आहे. त्यात दूध मोजता येणार नाही. आता म्हणा काय म्हणायचं ते. बंडूजीच्या मुलीनं बापाचं माप मोडीत काढलं, हे तुमचं वाक्य खरं ठरलं.

पण एक विचारायचं राहतंच. माझी चूक कबूल केली म्हणून माझी जीभ जळाली नाही. बाबा गेल्यावर तेवीस वर्षं त्या ओट्यावर तुम्ही दूध मोजलंत. लहान माप तेव्हा माझ्या घरी होतं, आधी मापाच्या रूपात आणि मग गोळ्याच्या. मग तुम्ही वर काय ओतत होता?

मंदा


तळेगाव
२३ जुलै २०२४

मंदा,

पार्सल पोचलं. गोळा नीरजनं पाहिला, सूनबाईनं पाहिला. मी तो सदऱ्याच्या खिशात घालून बैठकीला गेलो.

श्रावणनं ठराव वाचला. मी गोळा टेबलावर ठेवला आणि तुझं पत्र, दोन तारखेचं, वाचून दाखवलं. लोक ऐकत होते, पण श्रावण म्हणाला, "काकाजी, गोष्ट गोड आहे. पण या गोट्यात दूध कसं मोजू? सबूत काय?" मला ते ऐकू आलं नाही, नीरजनं कागदावर लिहून दिलं. माझ्याकडे सबूत नव्हता.

मनकर्णाबाईला तू ओळखतेस. नव्वदीच्या पुढे गेली, तरी बैठकीला काठी टेकत येते. ती उठली. बोलली ते नीरजनं जसंच्या तसं लिहून घेतलं, कारण मी त्याला तसं सांगितलं. तो कागद समोर ठेवून लिहितो.

"सबूत मी आहो. बंडूजी दोनदा ओते. एक मोठं, एक लहान. तो गेला अन् हा मनोहर एकदाच ओते. मले वाटे, पोरगा बापापेक्षा चिक्कू आहे. पण माह्या घरी दूध पुरेना. मी सुनेले बोलली. म्हटलं, तानाबाई, तू चोरून दूध पिते. ते रडे, म्हणे, आत्याबाई, मी कायले पिऊ? मी नाई आयकलं. किती वर्षं तिच्या हाती दुधाचं भांडं नाई देल्लं मी."

तानाबाई दाराशी बसली होती. तिनं पदर तोंडाला लावला. आता तीही पासष्टीची आहे, मंदा.

आर्वीचे प्राध्यापकही बैठकीला होते. ते म्हणाले, या घाटाच्या मापांत लहान माप साधारण एकोणसाठ मिलीचं असतं. मोठं नऊशे सेहेचाळीस. दोन्ही मिळून एक हजार पाच. बाबांनी प्रत्येक लिटरमागे पाच मिली जास्तच दिलं. ठराव मागे घेतला गेला. पाटी बाबांच्याच नावाची लागेल.

मग सगळे माझ्याकडे पाहायला लागले. तू जे विचारलंस तेच त्यांच्या डोळ्यांत होतं. त्यांना जे सांगितलं ते तुलाही सांगतो.

बाबा अंथरुणावर होते तेव्हा म्हणाले होते, "दोन्ही मापं एका घरात ठेवजा." तू पायाशी बसली होतीस. तुला वाटलं, आपण दोघांनी मिळून राहावं असं ते म्हणताहेत, आणि तू रडलीस. मला त्यांनी नंतर एकट्याला जवळ बोलावलं. म्हणाले, "मनोहर, लहान सोडू नको. मोठं एकटं खोटं बोलते." मला सगळं माहीत होतं. तुझं पत्र यायच्या अठ्ठावीस वर्षं आधी माहीत होतं.

त्या वर्षी दोन म्हशी आटल्या होत्या आणि रतीब तेवढेच होते. एका मापावर सगळ्यांना पुरत होतं, दोन मापांवर चार घरं तोडावी लागली असती. म्हटलं, एक महिना. एका महिन्याची तेवीस वर्षं झाली. सुरुवातीचे पंधरा दिवस लहान माप घरातच होतं, ते रोज सकाळी डोळ्यासमोर यायचं. म्हणून तेरवीनंतर मी ते तुझ्या हातात ठेवलं. मी ते तुला मनानं दिलं नव्हतं, मंदा. मी ते घरातून काढलं होतं.

नीरजच्या लग्नात मी पंगतीत मठ्ठा वाढत होतो. तू व्याह्यांसमोर हसत म्हणालीस, "अवो, दादा वाढून राह्यला, वाटी भरणार नाई!" सगळे हसले. मला वाटलं, तुला कळलंय आणि तू मला सगळ्यांत उघडं पाडते आहेस. चोराच्या मनात चांदणं. तेव्हापासून तुझ्या दारात पाय टाकायची हिंमत झाली नाही. बारा तारखेला तुझ्या दारात माझं चुकलं म्हणालो, ते यासाठी म्हणालो होतो. तुला वाटलं, दुसऱ्याच कशासाठी.

पंधरा ऑगस्टला जुन्या रतीबवाल्यांना केंद्रावर बोलावलं आहे. मोठ्या मापानं प्रत्येकाच्या भांड्यात दूध ओतायचं, असं मी समितीला सांगितलं. ये असं म्हणायचा मला हक्क नाही. कळवायचं म्हणून कळवलं.

मनोहर


बोरगाव मेघे
१ ऑगस्ट २०२४

श्री. मनोहरराव यांस,

पत्र वाचून पाच-सहा दिवस झाले. उत्तर द्यायचंच नाही असं ठरवलं होतं.

तुम्ही गावाला खरं सांगितलंत, चांगलं केलंत. त्याबद्दल माझ्याकडून शाबासकीची वाट पाहू नका. तानाबाईनं कुणाची पै न घेता इतकी वर्षं चोर म्हणून काढली. मी तुमच्या एका शब्दावर अठ्ठावीस वर्षं काढली. "घे मंदे, हे तुले." सासरी कुणी माहेरावरून टोचलं की मी त्या कपाटाकडे पाहायची. माप वितळलं तेव्हा मी जेवढी रडले नव्हते तेवढी तुमचं पत्र वाचून रडले, आणि मग मला इतका राग आला की ताटातलं अन्न गोड लागेना. अजूनही तो गेलेला नाही. तुम्ही मला भाऊबीज नाही घातली, तुम्ही मला तुमचं पाप सांभाळायला दिलं होतं.

मी येणार आहे. तुमच्यासाठी नाही. बाबांच्या पाटीसाठी आणि तानाबाईसाठी. हे आणि रोशनीही येतील. जेवण आम्ही सुलोचनाबाईंकडे घेऊ.

दोन गोष्टी आधीच सांगून ठेवते.

तो गोळा पेटीत मोठ्या मापाच्या शेजारी ठेवा. खाली चिठ्ठी लावा: 'लहान माप. मनोहरनं घरातून काढलं, मंदानं वितळवलं.' एवढंच लिहा. कमी नको आणि जास्तही नको.

दुसरं, मोठ्या मापानं नुसतं ओतून भागणार नाही. तुम्हाला अजून तेच सुचतं, याचं मला नवल वाटत नाही. काल मी वर्ध्याच्या बाजारात जाऊन आले. साठ मिलीचं माप दुकानात मिळत नाही. पन्नासचं मिळतं, पण त्यानं चार मिली उणं राहतं. म्हणून स्टीलचं शंभरचं घेतलं. पहिलं भांडं तानाबाईचं धरा, आणि ते मनकर्णाबाईच्या नाही, तिच्या स्वतःच्या हातात द्या.

मोठं तुम्ही ओता. लहान मी ओतीन. बाबांचं वाक्य तुम्ही म्हणा, सगळ्यांना ऐकू जाईल असं मोठ्यानं म्हणा. ओतताना माझ्याशी बोलू नका. तुम्हाला ऐकू येत नाही आणि मला बोलायचं नाही, तेवढं तरी आपलं जमेल.

मंदा